भांडायला दम लागतो

भाजीच्या घाऊक बाजारात तिला समोरून सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे भोंगा. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. पंचवीस वर्षं तिनं पहाटे पाच वाजता उलट्या घातलेल्या लाकडी खोक्यावर उभं राहून मालाचा लिलाव पुकारला. कांद्याची पोती, कोबीचे ढीग, संत्र्यांच्या पेट्या. तिचा आवाज बाजाराच्या या टोकाला सुटला की त्या टोकाला डुलक्या देणारा बटाटेवाला दचकून तराजू चाचपायचा. नवरा अचानक गेला आणि हे खोकं तिच्या वाट्याला आलं. बायकांनी लिलाव पुकारायचा नसतो, असं समजवायला चार जण आले होते. चौघांना तिनं एका दमात गप्प केलं.

तेव्हा दम होता. तो काही एका रात्रीत गेला नाही. भुरटा चोर रोज एकेक भांडं उचलून नेतो आणि फडताळ रिकामं झाल्यावरच घरच्यांना कळतं, तसं झालं. आधी जिन्यात धाप लागायला लागली, मग सपाट रस्त्यावर, आणि शेवटी केस विंचरायला हात वर केले तरी छातीचा भाता फुटायची वेळ आली. डॉक्टरांनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, कागदावरची रेघ पाहिली आणि फुप्फुसांचा जुनाट आजार असल्याचं सांगितलं. जन्मात विडीला हात लावला नव्हता तिनं. पण पोत्यांची धूळ, ट्रकचा धूर आणि लहानपणापासूनची चूल, यांनी आपापला वाटा उचलला होता. पूर्ण बरं होणार नाही पण आवरता येईल, असं डॉक्टर म्हणाले. यातलं पहिलं अर्धं तिनं ऐकलं आणि दुसरं अर्धं सोडून दिलं.

खोकं मुलाला देऊन ती घरी खिडकीशी खुर्ची टाकून बसली. मुलगा काम नीट करायचा, पण पुकारायचा असा, की जणू शेजारी कुणी झोपलंय. आठ महिन्यांत ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नाही. चालता येत नव्हतं असं नाही. वाटेत थांबून, खांबाला धरून, तोंड उघडं टाकून श्वास घेणारा भोंगा लोकांनी पाहावा, हे तिला सोसणारं नव्हतं.

सून शाळेत गणित शिकवायची आणि तिला अर्धवट सोडवलेलं गणित बघवत नसे. डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीमागे आणखी एक कागद जोडला होता, तो तिनं वाचून काढला. फुप्फुसांच्या रुग्णांसाठी पुनर्वसन वर्ग, आठ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा.

सासूबाई म्हणाल्या, "पुनर्वसन धरणात घर गेलेल्यांचं करतात. माझं घर जागेवर आहे."

"घर जागेवरच आहे, आई. तुम्हीही जागच्या हलत नाही, तीच तर पंचाईत आहे," सून म्हणाली आणि तिनं रिक्षा बोलावली.

वर्ग रुग्णालयाच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर भरायचा. लांबट खोली, भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात ऑक्सिजनचं नळकांडं, एक पायडल कुरकुरणारी जागेवरची सायकल, निळा रंग उडालेली एकेक किलोची वजनं आणि चढउतार करायला एक लाकडी पायरी. बाहेर तीस मीटरचा व्हरांडा होता आणि त्याच्या दोन टोकांना, रहदारी वळवायला ठेवतात तसले, दोन नारिंगी सुळके ठेवलेले. वर्ग घेणारी मुलगी तिशीच्या आतली, काडीसारखी, गळ्यात घड्याळ अडकवलेली. व्यायामोपचाराची पदवी असली तरी पेशंट तिला मास्तरीण म्हणत, कारण ती कुणाचीही सबब ऐकून घेत नसे.

खुर्च्यांवर पाच जण बसले होते. त्यात एक निवृत्त बसड्रायव्हर होते, एक शिंपीणबाई होत्या, आणखी दोघं होते. आणि पाचव्या खुर्चीवर, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवून, छत्रीवाले बसले होते.

ताई दारातूनच मागे वळली. मागे सून उभी होती.

छत्रीवाले फळांचे मोठे व्यापारी. ऊन असो, आभाळ असो, काखेत छत्री असायचीच, म्हणून हे नाव. सतरा वर्षांपूर्वीपर्यंत ते रोज ताईच्या खोक्यासमोर उभे राहून बोली लावायचे. मग एका सकाळी संत्र्यांच्या चाळीस पेट्यांचा लिलाव चालू होता. ताईनं "एक" म्हटलं, "दोन" म्हटलं. छत्रीवाल्यांचं म्हणणं असं, की "तीन" व्हायच्या आत त्यांनी छत्री उंचावून बोली वाढवली होती. ताईचं म्हणणं, "तीन" होऊन गेलं होतं. माल दुसऱ्याला गेला. भर बाजारात दोघांचं असं वाजलं, की हमालांनी पोती खाली ठेवून ऐकलं. त्या दिवसापासून छत्रीवाले तिच्या खोक्यासमोरून जायचे नाहीत, मुद्दाम बटाट्यांच्या बाजूनं वळसा घालून जायचे. ती बोळाच्या एका टोकाला दिसली तर ते दुसऱ्या टोकानं निघून जात.

आणि आता हा इथे. ताईच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपली धाप याला दिसणार. छत्रीवाल्यांच्या तोंडावरूनही दिसत होतं, की त्यांच्या मनातही नेमकं तेच आलंय.

पहिल्या दिवशी परीक्षा. सहा मिनिटांत दोन सुळक्यांमध्ये जमेल तेवढं चालायचं, थांबावंसं वाटलं तर थांबायचं, बोलायचं नाही. ताई दोनदा भिंतीला टेकली आणि दोनशे चाळीस मीटर चालली. छत्रीवाले, तीस वर्षं सिगारेट ओढून नंतर सोडलेले, एकदा थांबले आणि दोनशे सत्तर चालले. मास्तरणीला बाजाराचा इतिहास काय ठाऊक. तिनं आकडे पाहिले, जवळ जवळ आहेत असं ठरवलं, आणि दोघांची जोडी लावून टाकली.

मग श्वास शिकवायला घेतला. नाकानं सावकाश आत घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू बाहेर सोडायचा. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याला दुप्पट वेळ. मास्तरणीनं सांगितलं, की तुमची तक्रार हवा आत जात नाही ही असली, तरी खरी अडचण जुनी हवा बाहेर पडत नाही ही आहे. घरात अडगळ साठली तर नवं सामान कुठे ठेवाल? ताईला हे पटलं. माल उचलला गेल्याशिवाय नवा ट्रक आत घेता येत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसरा नियम तिनं चालण्याचा सांगितला. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. बोलता येत नसेल तर जास्त होतंय, गाणं म्हणता येत असेल तर अंगचोरी चाललीय. त्यामुळे जोडीनं बोलत चाला.

पहिले दोन वर्ग दोघं मुक्यानं चालले. ती भिंतीच्या बाजूनं, ते खिडक्यांच्या बाजूनं, मध्ये एक हातगाडी जाईल एवढं अंतर. तिसऱ्या वर्गात मास्तरीण वैतागली. ती म्हणाली, काय वाटेल ते बोला, पण बोला, नाहीतर तुम्हाला किती झेपतंय हे मला कळणार कसं.

दोघं अर्ध्या व्हरांड्यापर्यंत पोचले. मग छत्रीवाल्यांनी समोर बघत सतरा वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढलं.

"मी... तीनच्या आधी... छत्री... वर केली होती."

ताईनं फुंकर सोडली. "नव्हती... केली."

"केली... होती. बटाटेवाला... साक्षीला... आहे."

"तो तेव्हा... झोपला... होता."

मास्तरीण मागून वही घेऊन चालत होती. तिनं दोघांच्या नावांपुढे लिहिलं: एका श्वासात दोन-तीन शब्द. आणि दोघांना म्हणाली, की छान चाललंय, असंच चालू ठेवा.

त्या दिवसापासून ताईच्या घरात फरक पडायला लागला. सून आधी बुचकळ्यात पडली. वर्गाच्या दिवशी सासूबाई तासभर आधीच तयार होऊन दाराशी बसायच्या. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून फुंकरा मारायच्या, श्वासाच्या औषधाचा पंप तोंडात घेतल्यावर नेमानं चूळ भरायच्या, दुपारी इमारतीच्या खालच्या बाकापर्यंत आणि मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन यायच्या. मध्ये दम लागला तर खांबाला टेकून, जरा पुढे वाकून, निवांत फुंकर घालायच्या. कुणी पाहिलं तर पाहू दे. आणि हे सगळं करताना त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत असायच्या. एकदा सुनेनं कान दिला, तर सासूबाई म्हणत होत्या, "आणि छत्री वर करणं म्हणजे बोली नव्हे, छत्री तर तुम्ही माशा हाकलायलाही वर करता."

हे वाक्य पुढच्या वर्गात अख्खं, एका श्वासात बाहेर पडलं. मास्तरणीनं शब्द मोजले आणि वहीत लिहून घेतले. छत्रीवाले तर चालता चालता थांबलेच. वाक्य टोचलं म्हणून नाही; सतरा वर्षांनी भोंगा परत आपल्यावर वाजलेला ऐकला म्हणून. मग तेही ईर्षेला पेटले. त्यांनी घरी लेकीच्या मुलीला पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली, ओळीच्या शेवटापर्यंत एका दमात.

वर्गातल्यांना तर आयती करमणूक झाली. ड्रायव्हरसाहेब सायकलचं पायडल मारता मारता छत्रीवाल्यांची बाजू घ्यायचे. शिंपीणबाई दोन्ही हातांत वजनं घेऊन ताईची. भांडण इतकं रंगात यायचं, की व्यायामाचा तास कधी संपला हे कळायचं नाही. ज्या दिवशी ताईनं घरी आरशासमोर उभं राहून, न बसता, स्वतःचे केस विंचरून अंबाडा घातला, त्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा शिंपीणबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी अंबाड्याला हात लावून पाहिला. दोघींचे डोळे भरून आले आणि दोघी हसत सुटल्या, आणि हसण्यानं धाप लागली म्हणून समोरासमोर बसून फुंकरा मारत राहिल्या.

पाचव्या आठवड्यात छत्रीवाले आले नाहीत. पुढच्या वर्गालाही नाही. ताई एकटीच सुळक्यांना वळसे घालत होती आणि तिच्याजवळ एक नवाकोरा मुद्दा तयार होता. मास्तरणीनं फोन केला तेव्हा समजलं, की त्यांना सर्दीचं निमित्त होऊन छाती भरून आली होती. तीन दिवस रुग्णालयात काढले. आता घरी होते, धोका टळला होता, पण वर्गाला यायचं नाही म्हणत होते. मास्तरणीनं समजावलं होतं, की असा झटका येऊन गेल्यावर तर व्यायामाची जास्तच गरज असते. त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला होता.

ताईला राग आला. कशाचा ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरी येऊन ती सुनेला एवढंच म्हणाली, की उद्या त्या माणसाकडे जायचंय.

छत्रीवाले तिसऱ्या मजल्यावर राहायचे. अठ्ठेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. खाली उभं राहून सुनेनं वर पाहिलं आणि म्हणाली, की आपण त्यांनाच फोन करू या. सासूबाईंनी तिला खालीच थांबवलं. मग कठड्याला हात लावून मास्तरणीनं शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. श्वास आत, मग फुंकर सोडत दोन पायऱ्या. श्वास आत, फुंकर, दोन पायऱ्या. प्रत्येक वळणावर थांबायचं, घाई नाही, लाज नाही. पहिल्या मजल्यावर एका बाईनं दार उघडून खुर्ची देऊ का विचारलं. ताईनं हातानंच नको म्हटलं आणि छान हसली. दुसऱ्या मजल्यावर मांड्या थरथरायला लागल्या. तिथे ती पूर्ण दोन मिनिटं थांबली. तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा छाती धपापत होती, पण जीव घाबरा झालेला नव्हता. या दोहोंतला फरक तिला तळमजल्यावरच्या त्या वर्गानं शिकवला होता.

दार लेकीनं उघडलं. छत्रीवाले आतल्या खोलीत, खिडकीशी, खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, नजर बाहेर. ताईनं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकले, पुढे वाकली आणि बोलण्याआधी सात-आठ फुंकरा सोडल्या. त्यांनी ती वेळ तिला दिली. त्या वेळेची किंमत त्यांना ठाऊक होती.

मग तेच म्हणाले, की आता सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार, आणि तेवढी उमेद उरलेली नाही. स्नानघरापर्यंत जायचं तरी धाप लागते. तुम्ही चाला, तुमचं चांगलं चाललंय.

ताईनं नवा मुद्दा तयार ठेवला होता, पण तोंडातून भलतंच आलं.

"त्या दिवशी मी तीन म्हणालेच नव्हते," ती म्हणाली. "म्हणायला तोंड उघडलं आणि छातीतून खोकला आला. शब्द निघालाच नाही. तुमची छत्री मी पाहिली होती."

छत्रीवाल्यांनी खिडकीबाहेरची नजर तिच्याकडे वळवली. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीनंही.

"मग सांगितलं का नाही?" छत्रीवाल्यांनी विचारलं.

"लाज वाटली. खोक्यावर उभं राहून मला खोकला येतो, हे चारचौघांत कसं कबूल करणार? त्यापेक्षा भांडण बरं वाटलं." ती थांबली, श्वास घेतला. "तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते तर आज एवढं झालं नसतं. तुमचं खरं होतं. सतरा वर्षं खरं होतं."

तिला वाटलं, हा माणूस आता छाती पुढे काढेल. तसं काही झालं नाही. छत्रीवाल्यांच्या खांद्यांना बारीक हिसके बसायला लागले. रडतायत की काय म्हणून लेक पुढे आली, तर ते हसत होते. हसण्यातून खोकला उठला, खोकल्यातून फुंकर, आणि फुंकर संपल्यावर ते म्हणाले, "ती संत्री आंबट निघाली होती, बाई. ज्यानं घेतली तो बुडता बुडता वाचला. मी दुसऱ्याच दिवशी ऐकलं होतं."

"मग तुम्ही कशाला भांडत होतात?"

"तत्त्व म्हणून एक गोष्ट असते," छत्रीवाले म्हणाले.

खाली सून पायऱ्यांकडे डोळे लावून उभी होती. तिला वरून दोन माणसांचं हसणं, खोकणं आणि पुन्हा हसणं ऐकू आलं, आणि ती निश्चिंतपणे पायरीवर बसून वह्या तपासू लागली.

पुढच्या वर्गाला छत्रीवाले लेकीचा हात धरून आले. मास्तरणीनं त्यांना पहिल्या आठवड्याइतकंच काम दिलं, त्याहून कमीच. ताईचा वेग आता वाढला होता. जोडी मोडणं भाग होतं, तेव्हा मास्तरणीनं एकाला या टोकाहून आणि दुसऱ्याला त्या टोकाहून सोडलं. त्यामुळे दोघांची व्हरांड्यात अधूनमधून गाठ पडायची आणि भांडण हप्त्याहप्त्यानं चालायचं. समोरासमोर येताना एक वाक्य, पुढे निघून गेल्यावर पाठीमागून दुसरं. जुना वाद मिटल्यामुळे नवे विषय काढावे लागले. फुंकर कुणाची लांब. सायकलचं पायडल कुणामुळे कुरकुरतं. बसड्रायव्हर पूर्वी थांब्यावर गाडी थांबवायचे की नाही, यावर तर अख्ख्या वर्गात दोन तट पडले.

आठव्या आठवड्यात पुन्हा सहा मिनिटांची परीक्षा झाली. त्या दोघांना सगळ्यांत जड गेलं ते सहा मिनिटं न बोलणं. ताई एकदाही न थांबता तीनशे पंधरा मीटर चालली. छत्रीवाले मध्ये आजारी पडूनही बरोबर तीनशे. मास्तरणीनं आकडे वाचून दाखवले तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि खोलीभर टाळ्या झाल्या. सुनेनं लगेच हिशेब केला, की म्हणजे पंचाहत्तर मीटर जास्त. मग पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत पदर डोळ्यांना लावला.

पण मास्तरणीनं गोड घास भरवून लगेच कडू गोळीही दिली. वर्ग संपला म्हणून व्यायाम संपला तर वर्षाच्या आत सगळे पहिल्या ठिकाणी याल. पुढच्या वर्गाची यादी भरली होती, खोली मिळणार नव्हती. आता तुमचं तुम्ही बघा.

जागा ताईनं शोधली. दुपारी दोननंतर बाजाराचा मोठा छपराचा भाग रिकामा असतो, आणि पाण्यानं धुऊन काढलेला असल्यामुळे धूळही उडत नाही. मुलानं तीस पावलांवर दोन पेट्या ठेवून दिल्या. सोमवारी आणि गुरुवारी सहाही जण जमू लागले. पहिल्या दिवशी ताई दहा-अकरा महिन्यांनी बाजारात पाऊल टाकत होती. बटाटेवाला उठून उभा राहिला. ती वाटेत एकदा थांबली, खांबाला टेकली, ओठांचा चंबू करून श्वास सोडला, त्याला कसं काय विचारलं आणि पुढे गेली. खोक्यावर ती परत चढली नाही. मुलाला तिनं पुकारायची रीत मात्र पुन्हा शिकवली, श्वास कुठे घ्यायचा इथपासून, आणि त्याचा आवाज खरोखर सुधारला.

एका गुरुवारी पन्नाशीचा एक हमाल पोत्यावर बसून या मंडळींकडे बघत होता. मधूनमधून खोकत होता. हे काय चाललंय, त्यानं विचारलं. भांडतोय, छत्रीवाले म्हणाले. ताईनं त्याला उठवलं, दोघांच्या मध्ये घेतलं आणि चालता चालता बोलायला सांगितलं. काय बोलू, तो म्हणाला. तुझ्या मनात येईल ते. त्याच्या मनात पहिल्यांदा मेव्हणा आला. मेव्हणा त्याची शिडी घेऊन गेला होता, तीही पहाटे, न विचारता, आणि शिडीबरोबर त्याचं कुत्रंही गेलं होतं. तो तीन-चार शब्दांना अडकत होता, हे ताईनं मनात टिपून घेतलं आणि उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. पण गोष्ट तो सांगत होता झकास. पेटीला वळसा घालून ते परत फिरले तेव्हा गोष्टीत कुत्रं शिडीवर चढून बसलं होतं आणि मेव्हणा खाली हात जोडून उभा होता. ताई आणि छत्रीवाले दोघंही गप्प होते, आणि पुढे काय झालं ते ऐकायला, दम राखून, त्याच्या पावलाशी पाऊल मिळवत चालले होते.